बूम लिफ्ट निवडताना उंची शेवटी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्याच्या शेडचं गटर आणि त्यावरची फ्लॅशिंग (पाणी आत जाऊ नये म्हणून सांध्यावर लावलेली पत्र्याची पट्टी) बदलायची आहे. गटर जमिनीपासून १४ मीटरवर आहे. भिंतीला लागून ५ मीटर रुंदीची पत्र्याची पडवी आहे आणि तिची बाहेरची कड ६ मीटर उंच आहे. बाहेरचं काम आटोपलं की आत छताखालचे दिवे आणि पाइपचे क्लॅम्प बदलायचे आहेत. बास्केटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या लांब हाताच्या (बूमच्या) टोकाला असलेल्या टोपलीत, दोन माणसं आणि हत्यारं असतील. एक भाडेवाला ६० फुटी टेलिस्कोपिक (सरळ लांबणाऱ्या बूमची) घ्या म्हणतो, दुसरा म्हणतो ४५ फुटी आर्टिक्युलेटिंगमध्ये (कोपरात वाकणाऱ्या बूमच्या मशीनमध्ये) सहज होईल. कोणाचं ऐकायचं?

दोघांनीही तुमच्याकडून बहुधा एकच आकडा घेतला असणार, १४ मीटर. त्यावर एकाने सुरक्षित म्हणून मोठी मशीन सांगितली आणि दुसऱ्याने कॅटलॉगमधली उंची जुळवून लहान सांगितली. तुमच्या कामात खरी अडचण उंचीची नाहीच, पडवीची आहे. बास्केट जमिनीवरून गटरापर्यंत कोणत्या वाटेने जाणार, त्या वाटेत काय आडवं येणार आणि तेवढा वेळ मशीनची चाकं कशावर उभी असणार, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. ते सुटले की उंचीचा आकडा आपोआप ठरतो. मी या धंद्यात ऑपरेटर म्हणून आलो, आता साइटवर मशीन ठरवून देतो, आणि चुकीची मशीन आलेली जेवढी कामं पाहिली त्यातल्या बहुतेकांत उंची पुरेशी होती, बाजूची पोच कमी पडली होती.

आधी उंचीचा गोंधळ मिटवू. कॅटलॉगमध्ये दोन उंच्या असतात. प्लॅटफॉर्मची उंची म्हणजे बास्केटचा तळ किती वर जातो ती. वर्किंग उंची म्हणजे त्यात साधारण दोन मीटर मिळवलेले, कारण माणूस उभा राहून हात वर करून तेवढं गाठतो. ४५ फुटी, ६० फुटी ही नावं बहुतेक वेळा प्लॅटफॉर्मच्या उंचीवरून पडलेली असतात. ४५ फूट म्हणजे सुमारे १३.७ मीटर, ६० फूट म्हणजे सुमारे १८.३ मीटर. गटर बदलणारा माणूस दिवसभर हात डोक्यावर धरून काम करू शकत नाही. त्याला गटर छातीसमोर हवं. म्हणजे बास्केटचा तळ १२.७ मीटरच्या आसपास लागेल. उंचीपुरतं बोलायचं तर ४५ फुटी मशीन पुरते, आणि दुसऱ्या भाडेवाल्याने नेमका इथेच हिशेब थांबवलाय.

आता पडवी मोजा. मशीन पडवीच्या खाली घालून चालणार नाही, ती बाहेरच उभी राहणार. कडेपासून चाकापर्यंत अर्धा-पाऊण मीटर मोकळं सोडायचं, त्यात मशीनची निम्मी रुंदी म्हणजे सव्वा मीटर मिळवायची. टर्नटेबलचं, म्हणजे बूम ज्यावर गोल फिरतो त्या भागाचं, केंद्र भिंतीपासून ७ मीटरवर गेलं. ४५ फुटी आर्टिक्युलेटिंगची बाजूची पोच सात-साडेसात मीटर असते, त्यामुळे कागदावर हेही जमल्यासारखं दिसतं. पण ही पोच सगळ्या उंचीवर मिळत नाही. ती मधल्या एका उंचीवर मिळते आणि बास्केट त्याच्या वर जाऊ लागली की झपाट्याने आखडत जाते. १२.७ मीटरवर, म्हणजे मशीनच्या टोकाच्या उंचीजवळ, ही मशीन केंद्रापासून ७ मीटर बाजूला जाणार नाही. तुमची माणसं गटराच्या उंचीला पोचतील आणि गटर त्यांच्यापासून दोन-तीन मीटर लांब राहील. असं झालं की काय होतं ते मी पाहिलंय. माणूस मधल्या रेलिंगवर पाय ठेवून पुढे झुकतो. चुकीच्या मशीनमुळे होणारे अपघात बरेचसे इथून सुरू होतात, मशीन कुठेही मोडलेली नसते.

म्हणून प्रत्येक मॉडेलसोबत येणारा रेंज चार्ट मागून घ्या. चौकटी आखलेल्या कागदावर मशीनची बाजूची आकृती आणि तिच्याभोवती एक वाकडी रेघ असते. बास्केट कुठे जाऊ शकते आणि कुठे नाही ते ती रेघ सांगते. तुमची भिंत आणि पडवी त्याच मापात पेन्सिलने त्या कागदावर काढा. दहा मिनिटांचं काम आहे. भाडेवाल्याकडे चार्ट नसेल, किंवा तो म्हणाला की चार्टची गरज नाही, आमचा ऑपरेटर बघून घेईल, तर मी दुसरा भाडेवाला शोधतो.

आता ६० फुटी टेलिस्कोपिक. ही सरळ बूमची मशीन. बूमचे नळे एकातून एक बाहेर येतात, मध्ये कोपर नसतं. हिची पोच मोठी असते, या वर्गात बाजूला १५ मीटरपर्यंत. पण ती सरळ रेषेतच जाते. बूमचा खालचा सांधा जमिनीपासून २ मीटरवर धरा. तिथून १२.७ मीटरवरच्या बास्केटपर्यंत दोरी ताणली आहे अशी कल्पना करा. मशीन भिंतीपासून ७ मीटरवर उभी असेल तर पडवीच्या कडेपाशी ही दोरी ५ मीटरच्या उंचीवरून जाते आणि पडवीची कड ६ मीटरवर आहे. म्हणजे बूम पत्र्यातूनच जाईल. मशीन मागे घ्या, केंद्र भिंतीपासून साडेनऊ मीटरवर न्या. आता तीच दोरी कडेपाशी ७ मीटरवरून जाते, मीटरभर मोकळं राहतं. बूमची लांबी सव्वाचौदा मीटरच्या आसपास लागते, मशीनकडे सोळाच्या जवळपास असते. काम होतं.

यात एक अट आहे. साडेनऊ मीटर भिंतीपासून म्हणजे पडवीच्या कडेपासून साडेचार. बूम भिंतीकडे वळला की मागचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) उलट्या बाजूला चाकांच्या बाहेर मीटरभर येतं. ते आणि थोडी मोकळीक धरली तर पडवीपासून मागे साडेसात मीटरचा मोकळा पट्टा लागेल, आणि तोही शेडच्या पूर्ण लांबीत, कारण गटर लांब आहे आणि मशीन सरकत जाणार आहे. पट्टा तेवढा असेल तर पहिल्या भाडेवाल्याचं बरोबर आहे. टेलिस्कोपिक मशीन अशा कामात चांगली चालते, हालचाली कमी असतात, ऑपरेटरला सोपं जातं, लांब भिंतीवर काम भराभर सरकतं.

पट्टा चार-पाच मीटरचाच असेल आणि मागे कुंपण, टाकी किंवा ट्रकचा रस्ता असेल, तर आर्टिक्युलेटिंग लागेल, पण ६० फुटी. कोपर असलेली ही मशीन आधी खालचा बूम उभा करते, मग वरचा बूम अडथळ्यावरून पलीकडे टाकते. या वर्गात अडथळा ओलांडायची उंची ८ मीटरच्या आसपास आणि बाजूची पोच ११-१२ मीटर मिळते. ६ मीटर उंचीची पडवी ओलांडून केंद्रापासून बाजूला ७ मीटर लांब असलेलं गटर तिला जड नाही. या मशीन घेताना 'झिरो टेल स्विंग' आहे का हे विचारा, म्हणजे वळताना काउंटरवेट चाकांच्या रुंदीबाहेर येत नाही. मात्र काही मॉडेलमध्ये खालचा बूम उचलताना कोपर मागच्या बाजूला सरकतं. ऑपरेटरची नजर पुढे गटराकडे असते आणि कोपर मागे कुंपणाच्या खांबाला टेकतं. खाली उभ्या माणसाचं हे एक मुख्य काम आहे: बास्केटकडे बघत बसायचं नाही, कोपराकडे बघायचं.

दोन्हीत जिब असलेली मशीन घ्या. जिब म्हणजे बूमच्या टोकाला दीड-पावणेदोन मीटरचा छोटा हात, तो वर-खाली होतो. गटराच्या ओठाखाली आणि मग वर फ्लॅशिंगपाशी जायचं असेल तर जिबमुळे पूर्ण बूम हलवावा लागत नाही. पत्र्याच्या कामात त्याने दिवसाला तासभर तरी वाचतो.

आता जमीन. मी यावर जास्त बोलणार आहे, कारण साइटवर यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

६० फुटी मशीन १० टनांच्या घरातली असते. लोक १० टन भागिले चार चाकं करून एका चाकावर अडीच टन धरतात. बूम एका कोपऱ्यावरून लांब बाहेर काढला की वजन त्या कोपऱ्यातल्या चाकावर एकवटतं. एका चाकाखाली ५ टनांच्या वर भार जाऊ शकतो. मशीनच्या माहितीत 'एका चाकावरचा कमाल भार' हा आकडा दिलेला असतो, तो घ्या आणि तुमच्या सिव्हिल इंजिनियरला दाखवा. आत काँक्रीटच्या फरशीवर काम करणार आहात, तिथे हा आकडा आणखी महत्त्वाचा. फरशीखाली केबलचा चर आहे का, जाळीची झाकणं आहेत का, मोकळं तळघर आहे का, हे नकाशावरून नव्हे, चालत जाऊन पाहा.

एका साइटवर मी सकाळी जमीन पाहिली होती, कडक मुरूम होता. दुपारी मशीन वीस मीटर पुढे सरकली. तिथे दोन महिन्यांपूर्वी पाइपसाठी चर खणून बुजवलेला होता आणि वरून रोलर फिरलेला असल्याने रंगात फरक दिसत नव्हता. बास्केट १५ मीटरवर होती. वरून आवाज आला, "साहेब, बास्केट सरकतेय." मी चाकाकडे पाहिलं. फक्त ५ सेंटिमीटर बसलं होतं. दोन बोटं रुतलं असतं तर जेवढं दिसेल तेवढं. पण अडीच मीटरच्या चाकांच्या अंतरावर ५ सेंटिमीटरचा उतार म्हणजे १५ मीटर उंचीवर ३० सेंटिमीटरची सरक. १० सेंटिमीटर बसलं असतं तर ६०. वरच्या दोघांनी घाई केली नाही, आधी बूम आखडला, मग खाली घेतला. त्या दिवसापासून मी साइटच्या जुन्या माणसाला विचारल्याशिवाय मशीनची वाट ठरवत नाही. कुठे खणलं होतं, कुठे सोकपिट आहे, कुठलं गटार झाकलं आहे, हे वॉचमनला किंवा जुन्या फिटरला ठाऊक असतं. कागदावर ते नसतं.

तो क्रम लक्षात ठेवा: मशीन बास्केटच्या बाजूला तिरकी झाली किंवा तसा टिल्टचा (तिरकी झाल्याचा) अलार्म वाजला तर आधी बूम आत घ्यायचा, नंतर खाली. उलट केलं, म्हणजे बूम लांब असतानाच खाली घेतला, तर बास्केट आणखी बाहेर जाते आणि मशीन उलटायच्या दिशेने ओढली जाते. घाबरलेला माणूस नेमकं खाली जायचं बटण दाबतो. याची तालीम जमिनीजवळ करून घ्या.

चढाचंही तसंच आहे. कॅटलॉगमध्ये फोर-व्हील ड्राइव्हला ४५ टक्के चढ लिहिलेला असतो. तो बूम मिटलेला असताना मशीन चढवायचा आकडा आहे. बूम वर करून उभं राहायला किंवा सरकायला जो उतार चालतो तो बहुतेक मशीनमध्ये ३ ते ५ अंशांच्या आसपासच असतो. हे दोन आकडे एक समजून चालवलेली मशीन मी स्वतः थांबवली आहे.

भाराकडे येऊ. या वर्गातल्या अनेक मशीनची क्षमता २३० किलोच्या आसपास असते, काहींची ३००, आणि काही मशीन पोच कमी करून ४५० किलोपर्यंत घेतात. दोन माणसं १६० ते १७० किलो, हार्नेस, ग्राइंडर, ड्रिल, स्क्रूचे डबे मिळून तीस. २३० वाल्या मशीनमध्ये उरतात तीस-चाळीस किलो. गटराचे लांब तुकडे बास्केटमधून न्यायचा विचार असेल तर तो सोडा. रेलिंगवर आडवा पत्रा ठेवून वर जाणं तर नकोच. क्षमतेच्या आकड्यात त्या लटकत्या वजनाचा हिशेब नसतो आणि वाऱ्याचा तर मुळीच नसतो. बाहेर वापरायच्या बहुतेक बूम लिफ्टना १२.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याची मर्यादा असते. त्या वाऱ्यात १ मीटर बाय ३ मीटरचा पत्रा हातात धरला तर त्यावर निदान ३० किलोचा आडवा रेटा बसतो. युरोपातल्या ईएन २८० मानकात बास्केटमधल्या एका माणसाचा आडवा जोर २०० न्यूटन आणि दोघांचा ४०० न्यूटन धरलेला असतो. ३० किलो म्हणजे जवळपास ३०० न्यूटन. एक पत्रा हातात घेतल्याबरोबर त्या हिशेबाचा मोठा भाग संपतो. आणि वारा दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. पत्रे क्रेनने किंवा होइस्टने वर द्या, बास्केटमध्ये फक्त माणसं आणि हत्यारं ठेवा.

वारा जमिनीवर मोजू नका. शेडच्या कोपऱ्यावर, छताच्या कडेला तो खालच्यापेक्षा जोरात असतो. हातातला छोटा वारामापक बास्केटमध्ये ठेवा. आणि मशीनच्या पाटीवर 'फक्त आत वापरण्यासाठी', म्हणजे वारा शून्य, असं लिहिलंय का ते पाहा. लहान इलेक्ट्रिक मशीनमध्ये अशा बऱ्याच असतात, दाराबाहेर काढल्या की त्यांची हमी संपते.

आतल्या कामासाठी वेगळी मशीन घ्या, बाहेरचीच आत नेऊ नका. डिझेलचा धूर बंद शेडमध्ये साठतो आणि खडबडीत टायर फरशीवर काळे पट्टे ओढतात. आत ४५ फुटी इलेक्ट्रिक आर्टिक्युलेटिंग बरोबर बसेल, डाग न पडणाऱ्या टायरची. वजन ६-७ टन असतं, तेव्हा चाकाच्या भाराचा प्रश्न तिथेही आहेच. इथे कोपराचा फायदा वेगळा आहे: खाली यंत्रं, कन्व्हेयर, मध्ये केबल ट्रे, वर पाइप. बास्केट त्यांच्यामधून वाट काढत जाते. जिथे खालची जागा मोकळी आहे आणि काम अगदी डोक्यावर आहे, तिथे सीझर लिफ्ट घ्या. ती सरळ वर जाते, बाजूला जवळजवळ नाहीच, पण तिचा प्लॅटफॉर्म मोठा असतो आणि सामान जास्त मावतं. दिव्यांची रांग मोकळ्या पट्ट्यावर असेल तर बूमपेक्षा सीझरवर ते काम लवकर होईल.

आतल्या कामातला मोठा धोका पडण्याचा नाही, चिरडण्याचा आहे. ऑपरेटर वर जाताना मान वळवून मागचा पाइप बघत असतो, डोक्यावरचा ट्रस त्याला दिसत नाही. पाठ गर्डरला टेकते, छाती कंट्रोल पॅनेलवर दाबली जाते, आणि दाबल्या गेलेल्या शरीराखालीच लिव्हर असतो, तो सुटत नाही. आवाजही फुटत नाही. बऱ्याच नव्या मशीनवर पॅनेलजवळ दाब ओळखून हालचाल थांबवणारी पट्टी किंवा तार बसवलेली असते. स्टीलच्या छताखाली काम असेल तर ती असलेलीच मशीन मागा. आणि खाली असा एक माणूस कायम हवा ज्याला खालच्या पॅनेलवरून बास्केट उतरवता येते. इंजिन बंद पडलं तर बॅटरीवरचा सहायक पंप असतो. त्याचं बटण कुठे आहे, ते दाबून धरून कोणता लिव्हर हलवायचा, हे त्याने रोज सकाळी बास्केट दोन मीटर वर असताना एकदा करून दाखवायचं. मी हे न करता काम सुरू करू देत नाही. चावी मशीनमध्येच राहिली पाहिजे, कोणाच्या खिशात नाही.

हार्नेसबद्दल थोडक्यात. बूम लिफ्टमध्ये फुल बॉडी हार्नेस आणि आखूड लॅनयार्ड (हार्नेस अडकवायची दोरी), बास्केटमधल्या ठरवून दिलेल्या कडीलाच. चाक छोट्या खड्ड्यात जरी आदळलं तरी लांब बूमच्या टोकाला तो हिसका मोठा होऊन येतो आणि माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. लॅनयार्ड आखूड असेल तर तो बास्केटच्या आतच राहतो. बाहेरच्या गर्डरला किंवा पाइपला कधीही हुक लावायचा नाही. बास्केट हलली की तोच हुक माणसाला बाहेर ओढतो.

विजेच्या तारा जवळ असतील तर हे आधी कळवा. साधी बूम लिफ्ट इन्सुलेटेड नसते, रबरी टायर आहेत म्हणून ती सुरक्षित होत नाही. अमेरिकी नियमांत ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान ३ मीटर अंतर सांगितलं आहे. बूमचं डोलणं धरून मी त्याहून बरंच जास्त ठेवतो आणि शक्य असेल तिथे लाइन बंद करून घेतो. तारेवरच काम करायचं असेल तर फायबरग्लासच्या बूमची, ठरावीक मुदतीने विद्युत चाचणी झालेली ट्रकवरची मशीन वेगळी असते.

ट्रकवरच्या आणि ट्रेलरवरच्या मशीनचा विषय निघाला म्हणून सांगतो, त्या तुमच्या कामाच्या नाहीत. रस्त्यावरचे दिवे, झाडांच्या फांद्या, जाहिरातीचे फलक अशा ठिकाणी ट्रक बरा, कारण दहा मिनिटं काम आणि मग पुढचा खांब. आउटरिगर (बाजूला टेकवायचे पाय) टाकले की मशीन तिथेच अडकते, गटरासारख्या लांब कामात दर काही मीटरला सगळं आवरून पुन्हा मांडावं लागेल. स्पायडर लिफ्टचंही तसंच, पण तिला एक जागा आहे जिथे तिला पर्याय नाही. ती मिटली की मीटरभराच्या आतल्या दारातून जाते, रबरी पट्ट्यांवर चालते, वजन दोन-तीन टन, आणि चार पाय वेगवेगळ्या उंचीवर टेकवून उतारावरही समतल उभी राहते. बागेमागची भिंत, इमारतीच्या आतला उंच चौक, नाजूक फरशी, अशा ठिकाणी मी दुसरं काही सुचवतच नाही. पायांखाली पॅड मात्र प्रत्येक वेळी.

भाडेवाल्याशी बोलताना या भाषेत बोला. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बास्केट वर असताना वरूनच चालवता येणारी बूम लिफ्ट '३बी' म्हणून ओळखली जाते, सीझर '३ए', आणि एका जागी पाय टेकवून काम करणारी बूम '१बी'. ऑपरेटरच्या आयपीएएफ (उंचावर काम करायच्या मशीनची आंतरराष्ट्रीय संघटना) कार्डवर हीच अक्षरं छापलेली असतात आणि कार्ड पाच वर्षं चालतं. '३ए'चं कार्ड असलेला माणूस '३बी'वर चढवू नका. सीझर चालवून हात बसलेला माणूस काउंटरवेटचा आणि बूमच्या हिसक्याचा अंदाज चुकवतो, हे अनेकदा पाहिलंय.

तर आता मीटर टेप घेऊन पडवीच्या कडेपासून कुंपणापर्यंतचं अंतर मोजा, शेडच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दोन ठिकाणी. सगळीकडे साडेसात मीटर भरलं तर ६० फुटी टेलिस्कोपिक, जिबसह. कुठेही कमी पडलं तर ६० फुटी आर्टिक्युलेटिंग, झिरो टेल स्विंग. एका टोकालाच कमी असेल तरी पूर्ण कामाला आर्टिक्युलेटिंगच आणा, दोन मशीनची अदलाबदल करत बसू नका. ४५ फुटी बाहेर नको, आत हवी आणि ती इलेक्ट्रिक.

मशीन ट्रेलरवरून उतरली की लगेच गटरापाशी नेऊ नका. आधी मोकळ्या जागेत टायरचे काप, होजच्या सांध्यांवरचं तेल, बास्केटच्या दाराची आपोआप लागणारी कडी, दोन्हीकडचे इमर्जन्सी स्टॉप आणि पायातला स्विच पाहा. पाय काढल्यावर हालचाल थांबते का ते बघा. तपासणीची तारीख आणि मशीनचं पुस्तक डब्यात आहे का ते बघा. मग रिकामी बास्केट खालच्या पॅनेलवरून पडवी ओलांडून गटरापर्यंत एकदा नेऊन आणा, आणि त्या वेळी बूम पत्र्याच्या किती वरून जातो ते पडवीच्या टोकाला उभं राहून डोळ्यांनी पाहा. अर्ध्या मीटरपेक्षा कमी दिसलं तर मशीन आणखी मागे घ्या आणि मगच माणसं चढवा.